स्मृतिभ्रंशाची मालिका आणि आपली मते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एका वृद्धाच्या स्मृतिभ्रंशावर आधारलेल्या, सध्या रात्री दाखवल्या जाणाऱ्या मराठी मालिकेविषयी आपल्या अंकात वाचकांची मते प्रसिद्ध होत आहेत. आजोबांचे काम करणाऱ्या नटाचे बहुतेकांनी कौतुक केले आहे आणि ते रास्तच आहे. मात्र आजोबा सोयीपुरतेच विसरतात आणि सून फार कठोर आहे, ही दोन मते ज्या खात्रीने मांडली जात आहेत, ती मला पटत नाहीत.

दुपारचे जेवण आठवत नाही, पण तरुणपणी पाहिलेल्या लग्नातली पंगत वाढप्यांच्या नावांसकट आठवते, म्हणजे हे ढोंगच, असे एका वाचकाने लिहिले आहे. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, नेमके असेच घडते. नवी आठवण पक्की करण्याचे काम मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाकडे असते आणि झीज सहसा तेथूनच सुरू होते. जुन्या आठवणी मात्र बराच काळ तग धरतात. म्हणूनच नुकताच हात धुऊन उठलेला माणूस आल्यागेल्याला ‘मला कुणी जेवायला वाढलं नाही’ असे सांगतो, तेव्हा त्याला सुनेची बदनामी करायची नसते. त्याच्या लेखी ते जेवण झालेलेच नसते. दुसऱ्या एका वाचकाने ही शहरातल्या सुखवस्तू लोकांची थेरं असल्याचे म्हटले आहे. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज देणारा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. खेड्यात त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देतात, एवढेच.

आता सुनेविषयी. तिन्हीसांजेला आजोबा स्वतःच्याच घरात पिशवी भरून ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराशी उभे राहतात आणि ती ओरडून कडीला कुलूप घालते, या प्रसंगावर सर्वाधिक टीका झाली. दिवस मावळताना अशा रुग्णांची घालमेल वाढते, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. रुग्णाला एकट्याला कोंडून बाहेर जाणे धोक्याचे आहे यात शंका नाही. पण स्वतः घरात असताना दार बंद ठेवण्यात क्रौर्य कसले? ‘आमच्या सीमाभागात थोरामोठ्यांचा मान राखतात’ असे लिहिणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते, की रात्री दोनला ओली चादर कोण बदलते? आपल्याकडे हे सारे घरातल्या बाईच्या गळ्यात पडते. मुलगा उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून पाळी संपवून येतो, पाच मिनिटे शेजारी टेकतो आणि ‘आज तर छान बोलले की!’ म्हणून मोकळा होतो. मालिकेने त्या मुलालाही दाखवले आहे, पण त्याच्याविषयी एकाही वाचकाने अवाक्षर काढलेले नाही.

मालिका चुकते ती दवाखान्यात. एका स्कॅनवर नजर टाकून डॉक्टर निदान सांगून टाकतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मंदावलेली थायरॉइड ग्रंथी, नैराश्य किंवा पडल्यामुळे मेंदूवर साकळलेले रक्त यांमुळेही विसराळूपणा येतो आणि उपचारांनी तो पुष्कळदा कमी होतो, म्हणून या तपासण्या आधी व्हाव्या लागतात. तसेच अभंग कानी पडताच आजोबा पुढची ओळ म्हणतात हे खरे वाटते. पण त्याच दमात नातवाला ओळखून जुने व्यवहारही सांगू लागतात, हे केवळ मालिका लांबवण्यासाठी.

आपल्या भागापुरती आणखी एक अडचण आहे, जी मुंबईत बसून लिहिणाऱ्याला सुचणार नाही. माझ्या थोरल्या बंधूंची सारी नोकरी कन्नडमध्ये झाली. उतारवयात मागाहून शिकलेली भाषा आधी निसटू लागली आणि घरातली मराठी तेवढी उरली. तपासणीच्या वेळी तरुण डॉक्टरांनी वार, महिना, शंभरातून सात वजा करत जाणे, हे सारे कन्नडमधून विचारले, बंधू गप्प. खानापूरकडच्या परिचारिकेने तेच मराठीत विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक उत्तरे बरोबर आली. ‘आपण कोणत्या राज्यात आहोत?’ यावर मात्र ‘मुंबई’ असे ठाम उत्तर आले. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव मुंबई राज्यातच होते आणि तेव्हा ते शाळकरी होते. (यात कोणी राजकारण शोधू नये.) रुग्णाची तपासणी त्याच्या घरच्या भाषेत व्हावी, ही मागणी कुटुंबीयांनीच डॉक्टरांकडे करायला हवी. उलट, रुग्णाच्या खिशात ठेवायची नाव-पत्त्याची चिठ्ठी मराठीबरोबर कन्नडमध्येही असावी, कारण वाट चुकलेला माणूस निपाणीच्या बसस्थानकावर सापडेल की धारवाडच्या, हे सांगता येत नाही.

तंबाखूच्या दृश्याखाली इशारा दाखवतात, तशी या मालिकेच्या प्रत्येक भागाखाली ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही मोफत राष्ट्रीय मदतवाहिनी दाखवावी, अशी वाहिनीला विनंती आहे. धारवाडला मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था आहे, हेही आपल्याकडच्या अनेक कुटुंबांना माहीत नसते. आपण वाचकांची मते छापता त्या चौकटीत ही माहितीही द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक,
शहापूर, बेळगाव