आज वाफसा आला

लेस्टर, इंग्लंड,
रविवार, 9 मार्च 2025

प्रिय बापू,

नखांतली माती अजून निघालेली नाही, आणि तशाच हातांनी लिहायला बसलोय. फोनवर तुला दोन वाक्यांत सांगून टाकलं असतं, पण मग ते तिथंच संपलं असतं. आज माझ्या रानात वाफसा आला, बापू, ओल मशागतीजोगी उतरली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.

इथला हिवाळा तुला ठाऊक नाही. डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य बुडतो आणि पाऊस नुसता ठिबकत राहतो. यंदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तर आमच्या जिल्ह्यात पूरच आला. माझा प्लॉट उंचावर आहे म्हणून वाचला, पण जमीन चिकणमातीची. बुटाला अशी धरायची की पाय उचलला तर बूट खालीच. दर रविवारी फाटकापर्यंत जायचो, बघायचो आणि परत यायचो.

गेल्या वर्षी मला धीर धरवला नव्हता. फेब्रुवारीत दोन दिवस ऊन पडलं आणि मी ओल्यातच खणत सुटलो. पुढं ढेकळं विटांसारखी वाळली, गाजरांना दोन-दोन पाय फुटले, आणि उन्हाळाभर मला आबांची आठवण येत राहिली. "ओल्यात औत घातलं की जमीन वर्षभर राग धरती," म्हणायचे ना ते? आपण दहा-बारा वर्षांचे असू. वाटाण्याच्या पेरणीआधी आबा बांधावर उकिडवे बसायचे, मूठभर माती दाबून लाडू करायचे आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचे. लाडू तसाच राहिला तर बैल सोडून घरी. फुटून भुगा झाला तर औत जुंपायचं.

आज सकाळी तेच केलं. आभाळ इतकं स्वच्छ की डोळे दिपले. अंगातलं जाकीट काढून ठेवावं लागलं, मार्चच्या नवव्या तारखेला! तीन ठिकाणची माती घेऊन लाडू केले आणि सोडले. तिन्ही फुटले. शेजारच्या प्लॉटवरचे म्हातारबा कुंपणापलीकडून बघत होते. ऐंशी ओलांडलेत. ते काही न बोलता वाकले, आपल्या वाफ्यातली मूठभर माती उचलली, दाबली, सोडली आणि माझ्याकडं बघून मान हलवली. बापू, मला क्षणभर आबाच दिसले. मी त्यांना 'वाफसा' हा शब्द सांगितला. त्यांनी दोन-तीनदा म्हणून बघितला. त्यांच्या भाषेत याला असा एकच शब्द नाही म्हणाले, "माती तयार आहे" एवढंच म्हणतात.

त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धात इथंच प्लॉट घेतला होता. तेव्हा बाहेरून येणारं धान्य तुटलं, सरकारनं लोकांना "खणा" म्हणून सांगितलं, आणि बागांमध्ये, मैदानांत बटाटे लागले. मुळात ही अलॉटमेंटची, म्हणजे भाजीपाल्यापुरता जमिनीचा तुकडा भाड्यानं देण्याची पद्धत त्याहून जुनी. 1908 च्या कायद्यानं नगरपालिकेवर बंधनच आहे, की लोकांनी मागणी केली तर कसायला जमिनी द्यायच्या. वर्षाचं थोडं भाडं, पिकेल ते घरी खायचं, धंदा करायचा नाही. पूर्ण प्लॉट 250 चौरस मीटरचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. माझा अर्धा, सव्वा गुंठा, तोही तीन वर्षं यादीत थांबल्यावर मिळाला. तुझ्या बांधावरचं गवत याहून जास्त जागेत असेल. पण आमच्या घरची जमीन विकली गेली त्यानंतर माझ्या नावापुढं माती म्हणून लागलेली ही पहिलीच. भाड्याची आहे, तरी मला पुरते.

मग दिवसभर चार दातांच्या काट्यानं खणलं. इथंही हरळीची एक बहीण आहे. पांढऱ्या, टोकदार मुळ्या, तुकडा राहिला की पुन्हा फुटणार. गुडघ्यावर बसून एकेक ओढून काढली, दोन बादल्या निघाल्या. नांगरामागं आपल्याकडं बगळे चालायचे ना, तसा इथं लाल छातीचा रॉबिन येतो. एवढासा जीव, पण काट्याच्या दांड्यावर येऊन बसतो, मी वीतभर सरकलो की गांडूळ उचलतो. एकदा बुटापाशीच उतरला. मी हललोच नाही. दुपारी एक जाडजूड भुंगामाशी क्रोकसच्या जांभळ्या फुलात शिरली. हिवाळाभर जमिनीत एकटी झोपलेली राणी असते ती, आता नवं घर शोधायला निघालेली.

नोव्हेंबरात लावलेला लसूण वीतभर झालाय. बटाट्याचं बेणं घरात खिडकीशी अंड्यांच्या ट्रेमध्ये डोळे वर करून मांडलंय, कोंब आलेत, पण महिनाअखेरीशिवाय लावणार नाही. गोठलेल्या दहिवराची भीती इथं मेपर्यंत असते. मेथी मात्र आजच टाकली. स्वयंपाकघरातल्या डब्यातलीच मूठभर, रात्री भिजवून. आपल्याकडं हिवाळ्यात येते ती इथं वसंतात येते, आणि थंडी सोसते. आमच्या भागात गुजराती कुटुंबं खूप, त्यामुळं उन्हाळ्यात या अलॉटमेंटवर मेथी-कोथिंबिरीचा असा वास सुटतो की डोळे मिटले तर सासवडचा बाजारच.

जेवायला तिथंच बसलो, शेडच्या पायरीवर. भाकरी, ठेचा, आणि म्हातारबांनी उपटून दिलेला कोवळा लीक, पातीच्या कांद्यासारखा कच्चाच खाल्ला. ऊन पाठीवर. किती वर्षांनी पाठ अशी शेकली! तुमच्या विहिरीच्या धावेवर आपण बसायचो तसं वाटलं. सहाच्या सुमाराला सूर्य गेला आणि लगेच गारठलं, तरी निघवेना. 30 तारखेला घड्याळं तासभर पुढं जातील, मग संध्याकाळी कामावरून येऊनही जाता येईल. यंदा पाडवाही नेमका त्याच दिवशी आहे. बटाटे पाडव्यालाच लावावेत असं मनात आलंय.

तुझे अंजीर उतरायला लागले का? हा उन्हाळी मीठा बहार कसा आहे, ते सविस्तर लिही. फोनवर नुसतं "बरं आहे" म्हणू नकोस. गुरुवारी होळीला पुरणपोळी खाताना माझी आठवण काढ. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आणि आबांना एक विचार. लसणाच्या पातीचे शेंडे पिवळे पडलेत, बुडाशी मात्र हिरवी आहे. पाणी साचल्यामुळं झालं असेल का? आता राख टाकू, की नुसती खुरपून वारं लागू देऊ? ते सांगतील तसंच करणार आहे, म्हणून येत्या रविवारच्या आत कळव.

तुझाच,
नाना