किडनीची बायोप्सी परत करायच्या आधी ब्लॉकचं विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

किडनी दिनानिमित्त तुमच्या पुरवणीत आलेलं पान वाचलं. पाणी, मीठ, शुगर, बीपी, पेनकिलर सगळं बरोबर लिहिलं होतं, पण बायोप्सीबद्दल फक्त एवढंच की गरज पडली तर डॉक्टर सांगतात. मी नाशकात २२ वर्षं हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बायोप्सीचा तुकडा डॉक्टरच्या सुईतून निघाला की पुढे आमच्यासारख्यांच्याच हातात येतो, म्हणून हे लिहितेय आणि थोडं लांबलं तरी छापा अशी विनंती.

लिहायचं कारण घरातलंच आहे. माझ्या चुलतभावाची मुलगी, वय १९, निफाडकडे राहतात, द्राक्षाची बाग आहे. घसा धरला की दुसऱ्याच दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी यायची, तपासलं तर प्रोटीन पण जात होतं आणि क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणून बायोप्सी केली. आठ दिवसांनी रिपोर्ट आला की फ्लोरोसन्ससाठी (चमकणारी अँटीबॉडी लावून करायच्या टेस्टसाठी) दिलेल्या तुकड्यात किडनीची रक्त गाळणारी एकही बारीक गाळणी नाही, बायोप्सी परत करा. ऐन छाटणीचे दिवस, तरी भाऊ सगळं सोडून परत घेऊन आला, मला फोन केला तो सगळं झाल्यावर, "ताई, तुकडा छोटा आला म्हणे, परत घेतला". दुसऱ्या वेळी लघवीतून रक्त जायला लागलं आणि पोरीला तीन दिवस जास्त ठेवावं लागलं. नंतर मी रिपोर्ट हातात घेऊन वाचला तर पहिल्याच बायोप्सीच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्यात, १४ ग्लोमेरुलाय (याच त्या गाळण्या) होत्या. चौदा! त्या ब्लॉकवरच ती टेस्ट करता आली असती आणि हे त्या माणसांना कुणी सांगितलं नाही. लॅबचं नाव मी लिहित नाही, कारण हे एका लॅबचं नाहीये, बऱ्याच ठिकाणी असंच चालतं.

आता ब्लॉक म्हणजे काय ते सांगते. बायोप्सीचा तुकडा म्हणजे शेवईचा तुकडाच समजा, तेवढाच बारीक, जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. त्याचे साधारण दोन भाग करतात (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी करायची असेल तर तिसरा, तो ग्लुटराल्डिहाइडमध्ये). एक भाग फॉर्मलिनमध्ये जातो, त्याचं पाणी काढून तो मेणात बसवतात, तो ब्लॉक, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. दुसरा भाग फ्लोरोसन्ससाठी, त्याला फॉर्मलिन लागू द्यायचं नाही, तो मिशेल्स मीडियममध्ये पाठवतात आणि गोठवून कापतात. गडबड होते ती इथे. एका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात पण त्या सगळ्या बाहेरच्या कॉर्टेक्समध्ये, सुई जरा आत गेली की नुसता मेड्युला येतो आणि त्यात बघायला काही नसतं. कधी दोन्ही तुकडे चुकून फॉर्मलिनच्याच बाटलीत टाकतात, कधी मुंबईला कुरियरने जाईपर्यंत वेळ जातो.

ब्लॉकवर आम्ही काय काय करतो ते लोकांना माहीतच नसतं. दोन-तीन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काढायचे, तेही हाताने मायक्रोटोमचं चाक फिरवून, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचे. एच अँड ई हा नेहमीचा रंग तर सगळ्यांनाच करतात. पीएएस नावाच्या रंगात गाळणीचा पडदा गुलाबी-जांभळा दिसतो, पेशी वाढल्यात का ते त्यात छान कळतं. ट्रायक्रोममध्ये व्रण निळा दिसतो, किती किडनी कायमची गेली याचा अंदाज डॉक्टर त्याच्यावरून बांधतात. अमिलॉइडचा (किडनीत साठणाऱ्या बिघडलेल्या प्रोटीनचा) संशय असेल तर काँगो रेड, त्याला मुद्दाम जाड काप घ्यायचा, आठ-दहा मायक्रॉनचा, आणि पोलराइज्ड लाइटमध्ये कच्च्या सफरचंदासारखा हिरवा चमकला की निदान पक्कं. माझा जीव आहे तो सिल्व्हरच्या रंगात. काचेची भांडी आधी ॲसिडने धुवायची, स्टीलचा चिमटा लावायचा नाही, साठ डिग्रीला ठेवायचं आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी स्लाइड काढून मायक्रोस्कोपखाली बघायची, लवकर काढली तर पडदा नुसता तपकिरी आणि मिनिटभर उशीर झाला की सगळंच काळं. नीट जमली तर पडद्याची एकेक रेघ पेनाने काढल्यासारखी दिसते, मेम्ब्रेनस नावाच्या किडनीच्या आजारात त्या रेघेवर बारीक काटे उभे राहिलेले दिसतात.

पण एवढं सगळं करूनही काही आजार रंगांनी कळत नाहीत. आमच्या पोरीला निघाला तो आयजीए नेफ्रोपॅथी त्यातलाच. १९६८ साली पॅरिसमध्ये झाँ बर्जे यांनी तो ओळखला तोच फ्लोरोसन्समुळे, कारण एच अँड ई मध्ये नुसतं मधल्या भागात पेशी वाढलेल्या दिसतात आणि तसं तर बाकीच्याही आजारात दिसतं. गाळणीत आयजीए हे प्रोटीन साठलंय हे दाखवायला चमकणारी अँटीबॉडी लावावीच लागते.

आणि ती अँटीबॉडी ब्लॉकवरही लावता येते! फॉर्मलिनने प्रोटीन एकमेकांना जखडून ठेवलेले असतात म्हणून नुसती लावली तर पकडत नाही, त्यासाठी आधी प्रोनेज नावाचं एंझाइम ३७ डिग्रीला लावून ते जखडलेलं सोडवायचं. किती वेळ ठेवायचं ते प्रत्येक लॅबला स्वतः करून बघून बसवावं लागतं, जास्त झालं तर काप काचेवरून सुटून येतो, कमी झालं तर काही चमकत नाही. एकदा बसलं की आयजीए, कप्पा, लॅम्डा ही प्रोटीनं चांगली दिसतात. मी खोटं सांगणार नाही, ताज्या तुकड्याची सर सगळ्याला येत नाही, सी-थ्री हे प्रोटीन फिकं येतं आणि मेम्ब्रेनस किंवा अँटी-जीबीएम या आजारांचा संशय असेल आणि ब्लॉकवर निगेटिव्ह आलं तर तेवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. पण उलटही होतं, काही मोनोक्लोनल (एकाच साच्यातल्या) प्रोटीनचे साठे ताज्या तुकड्यात लपलेले असतात आणि प्रोनेजनंतरच दिसतात. शिवाय मेम्ब्रेनससाठी पीएलए-टू-आर हे प्रोटीन आहे, त्याचा या आजाराशी संबंध २००९ साली सापडला, तेही ब्लॉकवर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने (अँटीबॉडी लावून रंग आणायच्या पद्धतीने) बघता येतं, त्याला आधी काप बफरमध्ये उकळून घ्यायचे, आमच्याकडे त्यासाठी चक्क घरचा असतो तसा प्रेशर कुकर आहे.

भावाच्या परवानगीने मी तो पहिला ब्लॉक मागवला आणि ओळखीच्या लॅबमध्ये ही टेस्ट करून घेतली. आयजीए स्पष्ट चमकलं, दुसऱ्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये होतं तेच. ती स्लाइड बघताना आनंद होण्याऐवजी मला रडू आलं, पोरीच्या पाठीत दुसऱ्यांदा सुई घालायची गरजच नव्हती.

म्हणून पेशंटच्या नातेवाइकांना हात जोडून सांगते, "बायोप्सी परत करा" असं कुणी म्हटलं तर आधी विचारा की ब्लॉकमध्ये किती ग्लोमेरुलाय आहेत आणि ब्लॉकवर प्रोनेज करून आयएफ, म्हणजे ही फ्लोरोसन्सची टेस्ट, होईल का. ब्लॉकमध्येच गाळण्या नसतील तर परत करावीच लागेल, तिथे घाबरून मागे हटू नका. आणि माझ्या टेक्निशियन भावंडांनो, किडनीचा ब्लॉक पहिल्यांदा कापतानाच आठ-दहा कोऱ्या स्लाइड काढून ठेवत जा, परत ब्लॉक मशीनला लावला की लेव्हल जुळवण्यातच निम्मा तुकडा जातो. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे, त्यांनी जिल्ह्यातल्या टेक्निशियनसाठी दोन-तीन दिवसांचं ट्रेनिंग ठेवलं तर प्रोनेजचं काम इथेच होईल, त्यासाठी तुकडे मुंबईला पाठवायला नकोत. मी स्वतः येऊन शिकवायला तयार आहे, पैसे नकोत.

एक राहिलंच. ब्लॉक अर्ज करून मिळतो, घेतला तर नंबर आणि तारीख असलेला रिपोर्ट त्याच्याबरोबरच ठेवा, आणि एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याच्या घरात माळ्यावर ठेवू नका, मेण मऊ पडतं.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, सिडको, नाशिक