आधी दिवा बंद करून पाहा, मग एसीचा बोर्ड बदला

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

चौतीस वर्षं मी सांगलीत दुरुस्तीचं काम करतो. आधी टीव्ही, आता बहुतेक एसीचे बोर्ड, म्हणजे एसीच्या आतली सर्किटची पाटी. वर्तमानपत्राला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. एप्रिलमध्ये विश्रामबागेतल्या एका घरी जे पाहिलं, ते मनातून जात नाही म्हणून लिहितो आहे.

त्या घरी आजी-आजोबा दोघंच राहतात. मुलगा पुण्याला. आजोबा ७८ वर्षांचे, आजींना दमा. मुलानं गेल्या उन्हाळ्यात झोपायच्या खोलीत एसी बसवून दिला. यंदा एसी सुरू केल्यापासून एकच तक्रार: दिवसा रिमोट चालतो, दिवेलागण झाली की चालत नाही. सर्व्हिसचे लोक दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा भर दुपारी. पहिल्यांदा सेल बदलले आणि नवा रिमोट दिला, साडेआठशे रुपये घेतले. तरी तेच. दुसऱ्यांदा म्हणाले, बोर्ड गेलाय, साडेसहा हजार लागतील.

आजोबांनी तोवर आपला मार्ग काढला होता. रिमोट एसीच्या अगदी तोंडाशी नेला की चालतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मग रोज रात्री स्वयंपाकघरातलं स्टूल आणायचं, त्यावर चढायचं, हात उंच करून बटण दाबायचं. एका रात्री आजी थंडीनं कुडकुडायला लागल्या. रिमोटवर २६ दिसत होतं, एसी मात्र १८ वरच चालला होता. आजोबा स्टुलावर चढले आणि उतरताना पाय निसटला. उजवं मनगट मोडलं. मी गेलो तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता आणि ते स्टूल अजून एसीखालीच होतं.

मी आधी मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू केला, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरलं आणि बटण दाबलं. डोळ्याला काही दिसत नाही, पण मोबाइलच्या पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला. म्हणजे रिमोट ठणठणीत होता. मग पलंगावर बसून दाबलं, एसी गप्प. एसीच्या डाव्या अंगाला, वीतभर अंतरावर, वीस वॅटची एलईडी ट्यूब होती. ती बंद केली आणि तिथूनच पुन्हा दाबलं. टुंग! ट्यूब लावली, पुन्हा गप्प. पाच वेळा करून दाखवलं. आजी म्हणाल्या, "अहो, म्हणजे एवढ्यासाठी यांनी हात मोडून घेतला?" मला काय उत्तर द्यावं सुचेना.

दिवाळीत रंगकाम झालं तेव्हा वायरमननं ती ट्यूब तिथं बसवली होती, पॉइंट मोकळा होता म्हणून. थंडीत एसी बंदच, त्यामुळे एप्रिलपर्यंत कुणाला कळलं नाही.

यात होतं काय, ते सांगतो. रिमोटच्या टोकातून डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश निघतो. तो सेकंदाला साधारण अडतीस हजार वेळा चालू-बंद होतो, आणि त्याच ठेक्यावर तापमान, पंखा, मोड असा सगळा निरोप जातो. एसीत काळसर काचेमागं तीन पायांचा एक बारीक रिसिव्हर असतो. तो नेमका हाच ठेका ऐकायला बसवलेला असतो. एलईडीच्या ड्रायव्हरचं, म्हणजे दिव्याला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटचं कामही अशाच वेगानं, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत चालतं. ड्रायव्हर नीट बनवलेला असला तर हा खळखळाट आतच जिरतो. हलक्या मालात तो प्रकाशातूनही बाहेर येतो आणि वायरमधूनही. कानाशी हलगी कडकडत असताना वाड्याच्या दुसऱ्या टोकाहून कुणी हाक मारली तर ऐकू येईल का? हाक मारणाऱ्याला अगदी जवळच यावं लागतं. गोंगाट सतत असला की रिसिव्हर आपली संवेदनशीलता आपणच कमी करतो, म्हणून रिमोट फुटभरावरून चालतो आणि पलंगावरून चालत नाही. आजोबांना स्टुलावर चढवलं ते याच गोष्टीनं.

त्यात एसीचा रिमोट एकतर्फी. निरोप निघाला की तो आपल्या पडद्यावर आकडा बदलून मोकळा होतो, पोहोचला की नाही हे त्याला कळत नाही. म्हणून रिमोटवरच्या आकड्यावर जाऊ नका, एसीची टुंग ऐका.

ती ट्यूब मी दुकानात आणून उघडली. ड्रायव्हरच्या पट्टीवर बाहेरच्या बाजूला कपॅसिटरची, म्हणजे हा खळखळाट जिरवणाऱ्या भागाची जागा छापलेली होती, दोन भोकंही पाडलेली होती, पण कपॅसिटर लावलेलाच नव्हता. काही रुपये वाचवले होते. खोक्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांकही नव्हता. एलईडी दिव्यांना ही नोंदणी सक्तीची आहे. आर हे अक्षर आणि पुढं आठ आकडे असा तो क्रमांक असतो. अर्थात ती नोंदणी मुख्यतः सुरक्षिततेची. दिवा रिमोटच्या आड येणार नाही, अशी हमी तीही देत नाही.

हा प्रकार नवा नाही. सीएफएल, म्हणजे वळलेल्या नळीचे दिवे आले तेव्हा लोक माझ्याकडं टीव्हीचे रिमोट घेऊन यायचे. दिवा लावला की पहिली एक-दोन मिनिटं टीव्ही ऐकायचा नाही, मग आपोआप सुधारायचा. सुरुवातीला त्या नळीतला आरगॉन वायू रिमोटच्या प्रकाशाजवळच्या तरंगलांबीचे किरण सोडतो आणि नळी तापली की पाऱ्याचं काम सुरू होतं, हे मला पुढं वाचून कळलं. अमेरिकेत 'एनर्जी स्टार' या वीजबचतीच्या शिक्क्याच्या नियमांत अशा दिव्यांनी २० ते ३३ किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितके हजार वेळा) किंवा ४० च्या वर चालावं असं होतं. मधली वाट रिमोटसाठी मोकळी ठेवली होती. म्हणजे दुखणं कारखानदारांना केव्हापासून ठाऊक आहे.

एवढंच काय, एसीसोबत येणारी पुस्तिका काढून बघा. रिमोट का चालत नाही, त्या यादीत कितीतरी कंपन्यांनी खोलीतल्या इलेक्ट्रॉनिक चोकच्या, म्हणजे अशाच वेगानं चालू-बंद होणाऱ्या ट्यूबचं कारण दिलेलं असतं. आजोबांच्या एसीच्या पुस्तिकेतही ती ओळ सापडली: मागच्या पानांत, बारीक इंग्रजीत. ती आजोबांनी वाचली नाही, यात त्यांचा काय दोष? पण दोनदा घरी येऊन पैसे घेऊन गेलेल्या माणसांनी तरी वाचायला हवी होती. याचा मला खरंच राग आहे.

२०१९ च्या महापुरानंतर आमच्या भागात किती घरांची वायरिंग नव्यानं झाली. जोडीला पीओपीचं सीलिंग आणि त्यात एलईडीच्या पट्ट्या आल्या. पट्टी एसीच्या डोक्यावरून फिरलेली मी दर उन्हाळ्यात बघतो. वायरमन बांधवांना माझी विनंती आहे: एसी आणि दिवा एका भिंतीवर शेजारी-शेजारी घेऊ नका. मालक म्हणाला तरी दोन शब्द समजावून सांगा. पॉइंट चार-पाच फूट सरकवायला लागतील ती थोडी जास्तीची वायर लागू द्या.

आणि एसी विकणाऱ्या कंपन्यांकडं एकच मागणी आहे. ती बारीक इंग्रजी ओळ मराठीत, ठळक अक्षरात, रिमोटच्या पाठीवर चिकटवा: 'रिमोट चालत नसेल तर खोलीतले दिवे बंद करून पाहा.' सर्व्हिसला जाणाऱ्या पोरांना बोर्डाचा दर सांगण्याआधी हे करून बघायला सांगा, आणि तक्रार रात्रीची असेल तर त्यांना रात्री पाठवा.

विश्रामबागेतला बोर्ड मी बदलला नाही, बदलायची गरजच नव्हती. दोनशे ऐंशी रुपयांची नवी ट्यूब आणली आणि दाराजवळच्या भिंतीवर लावली. आता आजोबा पलंगावरून, डाव्या हातानं एसी बंद करतात. स्टूल आजींनी परत स्वयंपाकघरात नेलं आहे.

आपला विश्वासू,
एक जुना टीव्ही-एसी मेकॅनिक,
खणभाग, सांगली