काढे छापा, पण एक ओळ जास्त छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे पाच काढे’ हा लेख वाचला. वाचावाच लागला, कारण सकाळी सातलाच शेजारच्या काकू काखेत तुमचा अंक आणि हातात कडुलिंबावरची गुळवेल घेऊन दारात उभ्या. ‘धाकट्याला द्या, पेपरात आलंय.’

आमच्या धाकट्याला आईची किडनी बसवून चार वर्षं झाली. आईची असली तरी शरीराच्या लेखी ती परकीच. पांढऱ्या पेशी तिच्यावर तुटून पडू नयेत म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडं स्टेरॉइड, रोज, जन्मभर. टॅक्रोलिमस या पेशींची एकमेकींना दिलेली हाकच दाबतं, मग त्यांची फौज वाढत नाही. बदल्यात टीबीची, बुरशीची, पुढे कातडीच्या कॅन्सरचीही भीती उशाशी. आम्ही पदरचे पैसे मोजून प्रतिकारशक्ती खाली ठेवायची आणि आपण ती दीड रकान्यात ‘सर्वांनी निर्धास्तपणे’ वाढवायची! गुळवेल घेतल्यावर लिव्हर बिघडलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच नोंदवलेत, ते आपल्या लेखकाच्या वाचनात नसावं.

गेल्या दिवाळीत त्याला खोकला झाला. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न बघता क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं. आम्हीही विचारलं नाही, चूक आमचीही. चौथ्या दिवशी पोराचे हात असे थरथरायला लागले की बशीतला चहा शर्टावर आणि शर्टाची बटणं लागेनात. टॅक्रोलिमस लिव्हरमध्ये मोडतं, ते मोडणंच त्या गोळीनं अडवलेलं. रक्तातली पातळी दुपटीच्या वर गेली. आणि हे औषध जास्त झालं की ज्या किडनीसाठी घ्यायचं तिलाच मारतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं रक्तातून गाळायचा कचरा, १.२ वरून १.९. आई एक शब्द बोलली नाही. पंधरा दिवस रोज सकाळी नुसती त्याच्या हातातल्या बशीकडे बघायची.

तेव्हा काढे खुशाल छापा. फक्त खाली ‘अवयव बसवलेल्यांनी, संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये’ एवढं छापा. जाहिरातीला जागा सापडते, याला सापडेल.

ता.क. पातळीचं रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यावं लागतं. त्यासाठी संभाजीनगरला पहाटेची गाडी धरावी तर ती दीड-दोन तास उशिरा. पोरगं गोळी खिशात घेऊन फलाटावर बसतं. यावरही कधीतरी पुरवणी काढा.

आपला,
एक वर्गणीदार, सेलू (जि. परभणी)