मेंदूलाही पक्ष असतो?

संपादक महोदय,

'अमक्या राजकीय विचाराच्या लोकांच्या मेंदूत सहानुभूतीच कमी' असे संदेश हल्ली फार फिरतात. आमच्या रामबागेतल्या ग्रुपवर एका काकांनी तर मेंदूचे लाल-पिवळे चित्र टाकून खाली लिहिले, 'हा बघा तुमचा मेंदू!' झाले, दोन दिवस धुमश्चक्री.

२०११ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९० तरुणांचे मेंदू तपासले गेले. पुराणमतवाद्यांत भीतीशी निगडित अमिग्डाला हा भाग मोठा, उदारमतवाद्यांत चूक-विसंगती टिपण्याशी निगडित सिंग्युलेट भाग मोठा, असे दिसले. २०२४ मध्ये नेदरलँड्समध्ये नऊशेहून अधिक जणांवर तेच तपासले, तर अमिग्डालातला फरक जेमतेम तिळाएवढा, आणि सिंग्युलेटचा सापडलाच नाही. ही बातमी मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही!

मला झुरिकचा २०१० मधला प्रयोग जास्त बोलका वाटतो. फुटबॉलप्रेमींच्या मेंदूतला, दुसऱ्याची वेदना जाणवण्याशी निगडित इन्सुला हा भाग आपल्या संघाच्या चाहत्याचे दुखणे पाहून अधिक जागा होई, विरोधी चाहत्याचे पाहून कमी. यात डावे-उजवे कुठे आले?

अशा बातम्या देताना किती जणांवर आणि कोणत्या देशात प्रयोग झाला, एवढे आपण मथळ्याखालीच छापावे, ही विनंती.

— एक वाचक, इंदूर