मानेने काढलेले आई-वडिलांचे चित्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराने १८६० साली काढलेल्या त्याच्या आई-वडिलांच्या व्यक्तिचित्राची छापील प्रत पाहून "ही दोघे अशी रुसल्यासारखी का?" असे आईने विचारले, आणि मुलाशी त्यांचे पटत नसणार असा निकाल बाबांनी लगेच देऊन टाकला. फोनवर हे नीट सांगता आले नसते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बाबांचा निकाल अगदीच निराधार नाही. वडील ओग्युस्त माने न्यायखात्यातले वरिष्ठ अधिकारी व पुढे न्यायाधीश होते, मुलाने कायदा शिकावा अशी त्यांची इच्छा होती, आणि नौदलाच्या प्रवेशपरीक्षेत मुलगा दोनदा नापास झाल्यावरच त्यांनी चित्रकलेला संमती दिली. हे ठाऊक असले की चित्रातली त्यांची आवळलेली मूठ रागाचीच वाटते. परंतु १८५७ साली त्यांना पक्षाघात झाला व त्यांची वाचा गेली, हेही ठाऊक झाले की तीच मूठ, बोलता न येणाऱ्या माणसाने स्वतःला सावरून धरल्यासारखी दिसू लागते. मूठ तीच, रंगाचा एक फटकाराही बदललेला नाही. म्हणून एकाच खुणेवरून माणसाच्या मनाचा ठाव घेऊ नये, असे मला वाटते.

शिवाय मानेने आजारपण उघड दाखवलेले नाही. औषधाची बाटली नाही, काठी नाही. उलट काळ्या कोटावर 'लेजिओं दोनर' या सन्मानाची बारीकशी लाल फीत मात्र त्याने आवर्जून रंगवली आहे. (आणि काळा रंग दिसला म्हणून शोक समजू नये, त्या काळी प्रतिष्ठित पुरुषांचा तो नेहमीचा पोशाख होता.) वडिलांचा मान राखण्याची ही मुलाची रीत असावी.

मला स्वतःला या चित्रात आईच अधिक खिळवून ठेवते. ती नवऱ्यामागे उभी आहे, तिचा हात लोकरीच्या टोपलीत आहे, आणि साऱ्या काळोख्या चित्रात सर्वांत खुलते रंग त्या लोकरीच्या गुंड्यांना मिळाले आहेत. ती लोकर काढते आहे की परत ठेवते आहे, हे काही केल्या कळत नाही. दोघेही आपल्याकडे पाहत नाहीत, आणि आपण तर नेमके मुलाच्या जागी उभे असतो! तासन्‌तास एका जागी बसवलेल्या माणसाची नजर खाली जाणारच, हे खरे. पण चित्रकाराने मनात आणले असते तर ती वर घेता आली असती. ती त्याने घेतली नाही, यातच चित्राचा भाव आहे आणि तो रुसव्याचा नसून एकमेकांच्या काळजीत गुंतलेल्या दोघांचा आहे, असे माझे मत आहे.

१८६१ च्या पॅरिसमधल्या सलोन प्रदर्शनात हे चित्र लागले, तेव्हा मुलाने आई-वडिलांना निर्दयपणे रंगवले अशी टीका झाली. पुढच्याच वर्षी वडील वारले. मूळ चित्र आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

आई, टोपलीतला हात तुला काय करताना दिसतो ते सांग; आणि बाबा, ती मूठ तुम्हाला अजूनही रागाचीच वाटते का, ते अवश्य कळवावे.

तुमची,
लेक