लाओत्से हा तांग घराण्याचा पूर्वज, हे कोण म्हणतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला चीनच्या राजघराण्यांवरचा लेख आवडला, पण एक गोष्ट फार खटकली म्हणून लिहितोय. तांग सम्राट प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओत्सेचे वंशज होते असं त्यात सरळ छापून टाकलंय. अहो, हे त्या घराण्याचं स्वतःचं म्हणणं! यांचं आडनाव ली, लाओत्सेचंही ली मानायचे, तेवढ्यावर नातं जोडलं आणि 666 साली सम्राट गाओझोंगने लाओत्सेला सम्राटपदाची पदवीसुद्धा दिली. याच घराण्यातल्या सम्राट ताइझोंगची आई आणि आजी दोघीही उत्तरेकडच्या शियानबेई या बिगरचिनी जमातीच्या घराण्यांतल्या होत्या, हे मात्र लेखात कुठेच नाही. फालिन नावाच्या बौद्ध भिक्षूने ताइझोंगला तुमचं कूळ लाओत्सेचं नव्हेच असं म्हटलं तर त्याला हद्दपार केलं, वाटेतच गेला तो. पुढे सोंग घराण्याने 1012 मध्ये तर स्वर्गातून उतरलेला पूर्वजच जाहीर केला.

आणि या सगळ्यात जो माणूस वेगळा वागला त्याचं लेखात नावच नाहीये, मिंग घराण्याचा संस्थापक झू युआनझांग. 1344 च्या साथीत याचे आईवडील आणि मोठा भाऊ गेले, पुरायला जागा नाही, जमीनमालकाने ओरडून हाकलून दिलं, शेवटी त्या मालकाच्याच भावाने जरा जमीन दिली. शवपेटी नाही, अंगावर फाटके कपडे, वर तीन फूट माती, नैवेद्याला काही नाही. हे सगळं त्याने स्वतः लिहून 1378 मध्ये आईवडिलांच्या समाधीपुढे दगडावर कोरून घेतलं, कारण आधी दरबारी पंडितांनी लिहिलेला मजकूर त्याला सजवलेला वाटला, वंशजांना त्यातून काही कळणार नाही असं वाटलं. पुढे हा राजा किती क्रूर झाला ते मला माहितीये, हजारो माणसं मारली त्याने, तरी तो मजकूर वाचताना गलबलून येतं. वडील 64 व्या वर्षी गेले, आई 59 व्या, हेसुद्धा त्यात आहे. शिलालेख चीनमधल्या फंगयांगला अजून उभा आहे.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर यातल्या चार ओळी नक्की छापा, आणि लाओत्सेच्या वाक्यात ‘असा त्यांचा दावा होता’ एवढी दुरुस्ती करा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक